ओळ म्हणजे किती अक्षरं?



मागच्या दोन लेखांत आपण घरातल्या ज्येष्ठांचे पासवर्ड आणि बँकांची अ‍ॅप्स यांवर बोललो. त्यावर काही जणांनी सुचवलं की आता नोकरीच्या जगातलं काही येऊ द्या. तर या वेळी विषय पगाराचा आहे, पण आपल्या नेहमीच्या पगाराचा नाही.

आपल्यातल्या बहुतेकांना महिन्याला ठरलेला आकडा मिळतो. ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं की आपण आठवडाभर कुरकुर करतो, जुनी बटणं शोधतो, आयटीवाल्यांना (म्हणजे माझ्यासारख्यांनाच) दोन शब्द सुनावतो आणि महिनाअखेरीला तोच आकडा खात्यात जमा होतो. पण जिला ओळीमागे पैसे मिळतात अशा टायपिस्टचं काय? नवं सॉफ्टवेअर आलं की तिचा पगारच नव्याने ठरतो. ओळीचा दर एक पैशाने हलला नाही तरी! उस्मानियाच्या बीईच्या चार वर्षांत डेटाबेस झाला, नेटवर्क झालं, कंपायलर झाला. पण स्क्रीनच्या कोपऱ्यातला एखादा मोजणीचा आकडा कुणाच्या तरी घरचा किराणा असू शकतो, हे कुठल्याच पेपरला नव्हतं. ते मला आत्याकडून कळलं.

आत्या हिमायतनगरला राहते. (नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरला नव्हे. तिकडच्या पाहुण्यांचा हा घोळ प्रत्येक लग्नपत्रिकेच्या वेळी होतो. हे आपलं हैदराबादचं, लिबर्टी आणि नारायणगुड्याच्या मधलं.) नव्वदचं दशक संपताना आणि पुढची काही वर्षं या भागात 'मेडिकल ट्रान्सक्रिप्शन' असे फलक दिसायचे. खाली मिठाईचं दुकान, वर साड्यांचं आणि त्याच्याही वर शिकवणी वर्ग. माधापूरचा सायबर टॉवर्स १९९८ साली उघडला, पण तिथे शिरायला बहुतेक वेळा इंजिनीअरची पदवी लागायची. बी.एस्सी., बी.कॉम. झालेल्या, इंग्रजी बरं असलेल्या, टायपिंगची लोअर-हायर दिलेल्या मुलींना आणि बायकांना संगणकावर कमावण्याची ही एक वाट होती.

नव्या पिढीसाठी दोन ओळींत सांगते. अमेरिकेतला डॉक्टर रुग्णाला तपासून झालं की तपासणीचं सगळं वर्णन बोलून रेकॉर्ड करायचा. तो आवाज इंटरनेटवरून इकडे यायचा. इकडे कानाला हेडफोन, हात कीबोर्डवर आणि पायाखाली शिवणयंत्राला असतं तसं पेडल. पाय दाबला की आवाज सुरू, सोडला की थांबला, दुसऱ्या बाजूने दाबला की थोडा मागे. ठरलेल्या तासांच्या आत स्वच्छ रिपोर्ट तिकडे परत. सुरुवातीला आत्याला ठरावीक पगार होता आणि 'टार्गेट'च्या वरच्या ओळींवर इन्सेंटिव्ह. पुढे घरून काम मिळालं तेव्हा निव्वळ ओळींवर पैसे.

आत्याच्या कपाटात त्या दिवसांच्या शाळकरी वह्या अजून आहेत. तारीख, ऐकलेली मिनिटं, तिने स्वतः मोजलेल्या ओळी, कंपनीने दाखवलेल्या ओळी. कंपनीचं नाव इथे लिहायचं कारण नाही. त्या काळात बहुतेकांची रीत तीच होती. एकदा मी त्या वह्या एक्सेलमध्ये घालायला बसले आणि दर दीड-दोन वर्षांनी आकड्यांची पायरी खाली उतरलेली दिसली.

"इथे काय झालं गं? आजारी होतीस का?"

"छे! तेव्हा नवं सॉफ्टवेअर आलं."

"दर कमी केला?"

"दर तोच होता. ओळ लांब झाली."

ओळ लांब होते म्हणजे काय, ते समजून घ्यायला मला एक अख्खी दुपार लागली, आणि मी रोज हेच काम करून पोट भरते.

सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे कागदावर दिसते ती ओळ. तीत एक शब्द असो की दहा, ती एक ओळ. रिपोर्टमध्ये 'अ‍ॅलर्जी : नाही' अशा तुटक ओळी पुष्कळ असतात, त्या प्रत्येकीचे पूर्ण पैसे. मग ६५ अक्षरांची ओळ आली. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या ट्रान्सक्रिप्शनच्या संघटनांनी ती पुढे आणली आणि इकडेही ती रूढ झाली. आता एकूण अक्षरं मोजायची आणि ६५ ने भागायचं. ती अ‍ॅलर्जीची ओळ इंग्रजीत जेमतेम १६ अक्षरांची, म्हणजे पाव ओळ. पद्धत म्हणून यात गैर काही नाही, उलट जास्त नेमकी आहे. पण जुन्या ओळीला जो दर होता तोच नव्या ओळीला चिकटवला, तर पगार कमी झाला की नाही?

पुढे प्रश्न आला मोकळ्या जागेचा. दोन शब्दांमधली जागा हे अक्षर की नाही? बोट तर तिथेही आपटतं. २००७ साली अमेरिकेतल्या दोन संघटनांच्या संयुक्त गटाने शिफारस केली की फक्त कागदावर काळं उमटलेलं, डोळ्यांना दिसणारं अक्षर मोजा. त्यामागचं कारण मला इंजिनीअर म्हणून पटतं: दिसणारं अक्षर कुणीही, कुठल्याही संगणकावर मोजून पडताळू शकतो. पण आता हिशेब करू. समजा आत्याने ६५,००० अक्षरं टाइप केली, मोकळ्या जागा धरून. ओळी झाल्या १,०००. इंग्रजी मजकुरात सातातलं एक अक्षर मोकळी जागा असतं असं धरू. ती वगळली आणि भागाकार ६५ नेच ठेवला, तर ओळी उरल्या ८५७. तेवढाच वेळ, तितकीच बोटं, पैसे १४ टक्के कमी. भरपाई करायची तर रुपयाचा दर १ रुपया १७ पैसे व्हायला हवा. सॉफ्टवेअरमध्ये हा बदल म्हणजे एक चौकोन आहे, टिक करायचा किंवा काढायचा. तो चौकोन मी अशाच एका प्रणालीत पाहिला आहे. त्याच्या शेजारी कुठेही 'पगार' असा शब्द नव्हता.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. मेडक्विस्ट ही या धंद्यातली अमेरिकेची फार मोठी कंपनी. २००४ साली तिच्याबद्दल बाहेर आलं की रुग्णालयांना लावलेल्या बिलांमधल्या ओळी प्रत्यक्ष मोजलेल्या नव्हत्या, त्या सूत्रं आणि गुणोत्तरं लावून काढलेल्या होत्या. रुग्णालयं कोर्टात गेली, आणि तिथल्या टायपिस्टही गेल्या. २००८ मध्ये कंपनीने अमेरिकन सरकारशी तडजोड करून पैसे भरले. मला यात पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते: बिल भरणारं रुग्णालय आणि पगार घेणारी बाई, दोघांनाही ओळ म्हणजे नक्की काय ते माहीत नव्हतं.

आपल्या मराठीत तर हा प्रश्न आणखी गमतीचा होतो. 'राष्ट्र' या शब्दात अक्षरं किती? आजी सांगेल, दोन: रा आणि ष्ट्र. संगणकाचं युनिकोड सांगेल, सात: र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. जुन्या डीटीपीच्या फाँटमध्ये तिसराच आकडा यायचा, कारण तिथे अर्धा ष आणि रकाराची खूण अशा आकाराच्या तुकड्यांनी अक्षर जुळवलेलं असे. मराठी टायपिंगचा भाव अक्षरांवर ठरवला तर 'नमन' आणि 'राष्ट्र' यांत कुणाला किती मिळणार? म्हणूनच असेल, मराठी डीटीपीवाले बहुधा पानावर भाव सांगतात. मग फाँट बारा पॉइंट की चौदा, यावर घासाघीस.

पण आत्याचं सगळ्यात मोठं नुकसान मोजणीने केलं नाही. ते केलं तिच्या शॉर्टकटच्या फाइलने. खरं म्हणजे ती फाइल गेल्याने.

वैद्यकीय इंग्रजीत तीच ती वाक्यं हजार वेळा येतात. त्यासाठी लघुरूपं उलगडणारे छोटे प्रोग्रॅम असत. 'सगळं ठीक मर्यादेत आहे' अशा अर्थाचे तीन इंग्रजी शब्द, त्यांची पहिली तीन अक्षरं दाबली की मोकळ्या जागांसकट वीस अक्षरं पडद्यावर उमटायची. तीन टिचक्यांत वीस अक्षरं! आत्याने सहा-सात वर्षांत अशी हजारो लघुरूपं जमवली होती. प्रत्येक डॉक्टरची बोलायची लकब वेगळी, म्हणून डॉक्टरागणिक वेगळी. एक डॉक्टर हृदयाच्या तपासणीचा अख्खा परिच्छेद शब्द न बदलता म्हणायचा. तो तिच्याकडे दोन अक्षरांत होता. सुताराच्या पेटीतली हत्यारं सुताराची असतात ना, तसंच हे. कंपनीने दिलेलं नव्हतं, तिने घडवलेलं होतं, आणि तिचा वेग त्यात होता.

मग कंपनीने नवा प्लॅटफॉर्म आणला. काम आता दूरच्या सर्व्हरवर, एका बंद खिडकीत. बाहेरचा कुठलाही प्रोग्रॅम तिथे चालणार नाही. कारण खोटं नव्हतं: अमेरिकेत १९९६ साली रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेशी जोडलेला हिपा कायदा आला होता आणि अनोळखी प्रोग्रॅम रुग्णाच्या माहितीशेजारी बसवणं धोक्याचंच. मी त्या जागी असते तर सुरक्षेची अट मीही तीच घातली असती. पण नव्या प्लॅटफॉर्मला स्वतःची लघुरूपांची सोय होती. जुन्या फाइली त्यात ओतून घेणं म्हणजे दोन रकान्यांचा तक्ता वाचणं; आमच्या टीममध्ये नवा आलेला मुलगा एका दुपारी लिहील असा प्रोग्रॅम. तो कुणी लिहिला नाही, कारण कामाच्या यादीत ते नव्हतं. यादीत रुग्णालयांचे रिपोर्ट होते, डॉक्टरांचे आवाज होते, बिलं होती. बायकांनी आपली लघुरूपं एकेक करून पुन्हा भरली, रात्री, कामाचे तास संपल्यावर, आणि त्या भरण्याची ओळ कुणी मोजली नाही.

वर आणखी एक. हृदयाचा तो ठरलेला परिच्छेद आता नव्या प्लॅटफॉर्मवर सर्व्हरच आयता टाकायचा. सोय झाली म्हणायची. पण सर्व्हरने टाकलेली अक्षरं टायपिस्टच्या मोजणीत येत नाहीत! पूर्वी तो परिच्छेद तिच्या दोन टिचक्यांनी यायचा आणि चार-पाच ओळींचे पैसे मिळायचे. आता तो वाचून, या रुग्णाला लागू आहे ना ते बघून, कुठे बदल असेल तर करायचा, आणि पैसे फक्त बदललेल्या अक्षरांचे. नजर ठेवायची जबाबदारी तीच, फक्त ती आता फुकट.

कंपनीची बाजूही ऐकायला हवी. तिचं म्हणणं, ज्या मजकुराला कष्टच पडले नाहीत त्याचे पैसे का द्यावेत? ग्राहक रुग्णालय आम्हाला देत नाही, मग आम्ही कुठून देणार? या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच मला वाटतं, वाटाघाट व्हायला हवी होती ती ओळीच्या दरावर, उघडपणे. झाली ती सेटिंग्जच्या पानावर, आणि त्या पानाचा पासवर्ड फक्त एकाच बाजूकडे होता.

त्यानंतर काही वर्षांत यंत्रच डॉक्टरचं बोलणं ऐकून कच्चा मसुदा लिहू लागलं. टायपिस्टचं पद झालं एडिटर. नाव मोठं आणि दर, सर्वसाधारणपणे, निम्म्याच्या आसपास. सांगायचे ते असं: अर्धं काम यंत्राने केलं, तुमचा वेग दुप्पट होईल, कमाई तीच राहील. हे वाक्य ऐकल्यावर कुठल्याही संगणकवाल्याला १९६७ सालचा जीन अ‍ॅमडालचा नियम आठवायला हवा. कामाचा जो भाग वेगवान होऊच शकत नाही, तो शेवटी तुमचा वेग ठरवतो. इथे तो भाग ऐकण्याचा आहे. यंत्राने चूक कुठे केली हे कळायला पूर्ण आवाज ऐकावाच लागतो.

गणितापुरतं धरू: दहा मिनिटांचं डिक्टेशन, १०० ओळी, ओळीला एक रुपया. पूर्ण टाइप करायला ४० मिनिटं. म्हणजे तासाला १५० रुपये. आता मसुदा आयता आहे आणि ओळीला ५० पैसे. त्याच १०० ओळींचे ५० रुपये. तासाला १५० टिकवायचे तर हे काम २० मिनिटांत संपलं पाहिजे. त्यातली दहा ऐकण्यात गेली. उरलेल्या दहात थांबणं, मागे जाणं, औषधाचं नाव आणि मात्रा पडताळणं, फाइल उघडणं-बंद करणं. स्वच्छ बोलणारा डॉक्टर असेल तर होतंही. पण घाईत, जेवताना, गाडीत बसून बोलणाऱ्याचा मसुदा यंत्र असा काही लिहितं की तो दुरुस्त करण्यापेक्षा खोडून नव्याने लिहिलेला बरा. त्याला ३० मिनिटं लागली तर तासाची कमाई १०० वर आली. एक तृतीयांश गेली.

यात आणखी एक मेख आहे आणि ती मला आत्याच्या वहीतूनच कळली. तिच्या वहीत डॉक्टरांच्या नावांऐवजी खुणा होत्या: चांगल्या आवाजाला फूल, वाईटाला फुली. यंत्र आल्यावर काही महिन्यांत टायपिंगच्या रकान्यातली फुलं संपली. स्वच्छ बोलणारे डॉक्टर सगळे यंत्राकडे गेले आणि टायपिंगच्या जुन्या, पूर्ण दराच्या रांगेत फक्त फुल्या उरल्या. दर जागच्या जागी होता. पूर्वी फूल आणि फुली मिळून सरासरी जमायची. आता पूर्ण दराने फुल्या आणि निम्म्या दराने फुलं. मॅनेजरने एकाच महिन्याचा तक्ता पाहिला असता तर त्याला काही वावगं दिसलं नसतं.

हे सगळं नवं वाटतं, पण आपल्या माणसांनी हे शंभर वर्षांपूर्वी पाहिलं आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिन्यांचा संप झाला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. त्यामागची एक मोठी तक्रार हीच, की नव्या 'कार्यक्षम' पद्धतीत विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळायचे. विणकर नगावर मजुरी घेणारा, त्यामुळे सूत कसं आलं, कापड जाड की तलम, माग किती वेळा थांबला, हे सगळं थेट त्याच्या मजुरीत उतरायचं. गिरणगावातल्या आजोबांना 'प्लॅटफॉर्म मायग्रेशन' समजावायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती.

आणि विडी! सोलापूरला आणि इकडे निजामाबादला हजार विड्यांवर मजुरी मिळते. पान खराब आलं की विड्या कमी भरतात, वर तपासताना काही नाकारल्या जातात. पण बघा, विडी कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्याने हे ओळखलं. कच्चा माल देणं, विड्या नाकारणं, नाकारलेल्या विड्यांची मजुरी, यांवरचे वाद कुणी सोडवायचे याची त्यात वेगळी तरतूद होती. म्हणजे मोजणी कशी होते हाच मजुरीचा प्रश्न आहे, हे विडीच्या बाबतीत संसदेला कळलं. ओळीच्या बाबतीत तसं काही मला सापडलं नाही.

सर्वसाधारण कायदे मात्र आहेत, ते ठाऊक असावेत. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या किमान वेतन कायद्याचं १७ वं कलम सांगायचं की किमान वेतन वेळेवर ठरलेलं असेल आणि माणूस नगावर काम करत असेल, तरी त्याला वेळेच्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही. १५ वं कलम सांगायचं की मालकाने काम दिलं नाही म्हणून दिवस अपुरा भरला, तर पूर्ण दिवसाची मजुरी द्यावी लागते. 'सर्व्हर बंद आहे, थांबा' म्हणून हेडफोन लावून बसलेल्या दोन तासांना हे किती लागू पडतं! या तरतुदी २०१९ च्या वेतन संहितेतही आल्या. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचं ९-अ कलम मजुरी देण्याच्या पद्धतीत बदल करण्याआधी २१ दिवसांची नोटीस मागायचं. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती ठेवली आहे. अडचण एकच, पण मोठी. हे सगळं नोकरदाराला लागू. घरून काम करणाऱ्या बाईच्या करारावर बहुतेक वेळा 'स्वतंत्र कंत्राटदार' असं लिहिलेलं असतं, आणि मग भांडायचं कशाच्या आधारावर?

आत्याने ते काम सोडून बरीच वर्षं झाली. तिच्या बरोबरीच्या काही जणी मेडिकल कोडिंगमध्ये गेल्या. त्या क्षेत्राचंही पुढे काय होईल ते दिसतंच आहे. मायक्रोसॉफ्टने २०२२ साली आवाज ओळखण्यातली मोठी कंपनी न्युअन्स विकत घेतली आणि आता तपासणीच्या खोलीतलं डॉक्टर-रुग्णाचं बोलणं ऐकून टिपण लिहिणारी यंत्रं आली आहेत. पूर्ण टाइप करायची ओळच राहिली नाही, फक्त तपासायची राहिली.

पण ओळ गेली तरी मोजणीवरचे पैसे गेलेले नाहीत, उलट वाढताहेत, आणि म्हणून हा लेख तुम्हा तरुण मंडळींसाठी. माझा एक मावसभाऊ पुण्यात शिकतो. फावल्या वेळात तो मराठी रेकॉर्डिंग ऐकून लिहून देतो, यंत्रांना मराठी शिकवण्यासाठी. पैसे आवाजाच्या मिनिटावर. परवा त्याने विचारलं, "ताई, काम कसं वाटतं? घेऊ का अजून?" मी त्याला कामाबद्दल काहीच विचारलं नाही, मोजणीबद्दल विचारलं. मिनिट म्हणजे फाइलचं मिनिट की बोलण्याचं? मधली शांतता वजा होते का? दोघं एकदम बोलत असले की ते एकदा लिहायचं की दोनदा, आणि पैसे? तपासणाऱ्याने फाइल नाकारली तर दुरुस्तीचे पैसे आहेत का, आणि नाकारण्याचं कारण लेखी मिळतं का? नियम बदलले तर आधी कळवणार की नंतर? सरावाच्या फाइली मोजतात का? त्याला एकाचंच उत्तर ठाऊक होतं: शांतता वजा होते.

ऑफिसात मी आता एक सवय ठेवली आहे. कुठल्याही ग्राहकाची प्रणाली बदलायची असली की पहिल्या बैठकीत विचारते, "या पडद्यावरच्या एखाद्या आकड्यावर कुणाचे पैसे ठरतात का?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग ग्राहकाच्या बाजूचे एक गृहस्थ म्हणाले की हो, नोंदी भरणाऱ्या मुलांना अर्जामागे पैसे देतो. नव्या प्रणालीत त्या एका अर्जाचे तीन भाग होणार होते, आणि पूर्ण झाला असं तिसरा भाग भरल्यावरच धरलं जाणार होतं. दर जुनाच. आम्ही दोन आठवडे जुनी आणि नवी मोजणी शेजारी-शेजारी चालवली, फरक काढला आणि तक्ता त्यांच्याकडे दिला. दर बदलायचा की नाही हे ठरवणं त्यांच्या हातात होतं. त्यांनी पहिल्या दोन भागांचेही थोडे-थोडे पैसे लावले. पुरेसे होते का, ते ती मुलंच सांगू शकतील.

मावसभावाने परवा कंपनीला दोन प्रश्न लिहून पाठवले. नाकारलेल्या फाइलबद्दल उत्तर आलं आहे: पहिली दुरुस्ती विनामोबदला, दुसरीचे अर्धे. सरावाच्या फाइलींचं उत्तर अजून यायचं आहे. तोवर त्याने त्या फाइलींना हात लावलेला नाही.